गिलावा दिसायला लागला तो कधीपासून?

प्लास्टरचे थर, त्यावर मेण, मग ऑइल कलर आणि शेवटी पेंटिंग नाइफने (रंग पसरायच्या पात्याने) खरवडून वर आणलेले खालचे रंग. अशी टेक्श्चर पेंटिंग्ज सध्या खूप दिसतात. यातली तिन्ही द्रव्यं फार जुनी आहेत, पण ती एका फळीवर यायला बराच काळ गेला.

प्लास्टरचं मूळ काम लपून राहण्याचं. अजिंठ्यात खडबडीत कातळावर माती, वाळू, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो सुकल्यावर चित्रं काढली. (वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेचे तंतू सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.) एवढी मेहनत कशासाठी, तर चित्राला सपाट जागा मिळावी म्हणून.

मेणाने मात्र पोत पहिल्यापासून दाखवला. इजिप्तमधल्या फायूमची पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली व्यक्तिचित्रं ममीच्या चेहऱ्यावर बसवत. त्यातली बरीच मेणात रंगवलेली आहेत. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि फळीला लागताच थिजतं. त्यामुळे गालावरून, नाकावरून ओढलेला प्रत्येक फटकारा आजही उंचवट्यासकट दिसतो. पुढे टेंपेरा (अंड्याच्या बलकात कालवलेले रंग) आणि तैलरंगांपुढे ही पद्धत मागे पडली.

तेलाचं आणि गिलाव्याचं कधीच धड जमलं नाही. ताज्या चुन्यावर तेल लावलं तर त्याचा साबण होतो. लिओनार्दोने मिलानमधलं ‘शेवटचं भोजन’ कोरड्या भिंतीवर तेलमिश्रित रंगांत रंगवलं, तर त्याचे पोपडे त्याच्या हयातीतच सुटायला लागले.

खरं वळण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. १९४५ मध्ये पॅरिसला झॉं फोत्रिए या फ्रेंच चित्रकाराने ‘ओलीस’ ही मालिका मांडली. नाझींनी मारलेल्या ओलिसांचे चेहरे त्याने पांढऱ्या लेपाच्या जाड थरांतून उभे केले. अस्तर म्हणून खाली राहणारा लेप इथे जखमी कातडीसारखा वर आला. पुढच्याच वर्षी फ्रेंच चित्रकार झॉं द्युबुफेने डांबर, वाळू आणि खडीही चित्रात आणली.

मेण परत आलं ते घाईपोटी. १९५४ मध्ये अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सने ‘फ्लॅग’ हे अमेरिकेच्या झेंड्याचं चित्र इनॅमल पेंटमध्ये सुरू केलं, पण थर वाळेपर्यंत थांबणं त्याला जमेना. मेण लगेच थिजतं म्हणून तो त्याकडे वळला. त्यात चिकटवलेले वर्तमानपत्राचे कपटे मेणाखालून अजून दिसतात.

आपल्याकडे पोत म्हटलं की मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवतात. त्यांनी प्लास्टर न वापरता, रोलर आणि नाइफने तेलरंगाच्याच थरांतून ती खोली आणली. मला तरी ते जास्त अवघड वाटतं.

आता मेण वितळवायचीही गरज उरलेली नाही. विद्रावकात मऊ केलेलं ‘कोल्ड वॅक्स’ थेट ऑइल कलरमध्ये कालवतात. प्लास्टरचा स्वभाव मात्र तोच आहे. कॅनव्हास हलला की त्याला तडा जातो, म्हणून जाणकार असलं काम प्लायवूडवरच करतात.