शून्य चढाचा जिना

आलेखाचा कागद घ्या. तळाशी ८१ मिलिमीटरची आडवी रेघ आखा, डावीकडे ८० मिलिमीटरची उभी. आता आडव्या रेघेवरच्या २७ ते ५४ या मधल्या भागावर, बरोबर ४० मिलिमीटर उंचीला, एक सपाट पायरी काढा. दोन्ही बाजूंना उरलेल्या तुकड्यांचेही तसेच तीन-तीन भाग करा आणि मधल्या भागांवर पायऱ्या बांधा: ९ ते १८ वर उंची २०, ६३ ते ७२ वर उंची ६०. अशा चार फेऱ्या झाल्या, की ८१ पैकी ६५ मिलिमीटर सपाट होतात. एकेक मिलिमीटरचे १६ तुकडे उरतात आणि ८० मिलिमीटरची अख्खी चढण त्यांच्याच वाट्याला येते, प्रत्येकाला ५ मिलिमीटर.

पेन्सिलीला याहून बारीक काम जमत नाही, पण मनात पुढे जाता येतं. दहाव्या फेरीनंतर १०२४ तुकडे उरतात आणि ते सगळे मिळून मूळ लांबीच्या सुमारे पावणेदोन टक्के भरतात. फेऱ्या अनंत केल्या, तर उरलेली लांबी शून्य. जॉर्ज कॅन्टर या जर्मन गणितज्ञाने १८८४ मध्ये मांडलेलं फलन, म्हणजे रेघेवरच्या प्रत्येक बिंदूला एक उंची ठरवून देणारा नियम, तो हाच. त्याला ‘सैतानाचा जिना’ही म्हणतात.

हा आलेख कुठेही तुटत नाही. दर फेरीत लगतच्या दोन पायऱ्यांमधली उंची निम्मी होते, त्यामुळे उडी मारावी लागेल अशी जागाच उरत नाही. आता विकलज, म्हणजे एखाद्या बिंदूपाशी आलेखाला चढ किती, ते पाहू. पायरीवर तो शून्य, आणि पायऱ्यांनी तर सगळी लांबी व्यापली आहे. गाडीचा काटा जवळजवळ सतत शून्यावर असावा आणि तरी गाडी मुक्कामी पोहोचावी, तसं हे आहे!

मग चढण झाली कुठे? पायरी कधीच वाट्याला न आलेल्या बिंदूंवर. उदाहरणार्थ, रेघेची पूर्ण लांबी १ धरली, तर १/४ हा बिंदू. पहिल्या फेरीनंतर तो डाव्या तुकड्यात पाऊण अंतरावर असतो, दुसरीनंतर त्याहून लहान तुकड्यात पाव अंतरावर, पुढे परत पाऊण. मधल्या भागात तो कधी सापडतच नाही. पूर्ण उंची १ धरली, तर तिथे जिन्याची उंची १/३ भरते. अशा बिंदूंची एकूण लांबी शून्य, पण संख्या मात्र अख्ख्या रेघेवरच्या बिंदूंइतकीच.

१८७२ मध्ये कार्ल वायरस्ट्रास या जर्मन गणितज्ञाने बर्लिनमध्ये मांडलेलं फलन जास्त गाजलं. ते संतत, म्हणजे कुठेही न तुटणारं, पण त्याला विकलज एकाही बिंदूपाशी नाही. मला मात्र कॅन्टरचा जिना अधिक खोल वाटतो. इथे विकलज जवळजवळ सर्वत्र आहे, आणि त्याची बेरीज, म्हणजे संकलन, केली की हाती शून्य येतं. खरी वाढ मात्र १. संकलनाने मूळ फलन परत मिळायचं, तर नुसतं सांतत्य पुरत नाही. त्याहून कडक अट लागते. तिला ‘निरपेक्ष सांतत्य’ हे नाव १९०५ मध्ये जुझेप्पे व्हिताली या इटालियन गणितज्ञाने दिलं.

या आलेखाची लांबीही मोजता येते. रुंदी १, उंची १. सरळ तिरकी रेघ १.४१ भरते, जिना बरोबर २. जणू १ आडवं चाललो आणि १ उभं चढलो, एकही कोपरा न कापता.