पत्ता लिहिलेली चिठ्ठी

दारू सोडायची म्हणून आलेल्या माणसाच्या हातात समुपदेशक एक चिठ्ठी ठेवतो. आधारगटाचा, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांशी बोलतात त्या गटाचा पत्ता, वार, वेळ. ‘जाऊन या, बरं वाटेल.’ चिठ्ठी शर्टाच्या खिशात जाते आणि शर्ट धुवायला.

1981 साली सिसन आणि मॅलम्स या संशोधकांनी नेमकी या चिठ्ठीचीच परीक्षा घेतली. उपचार घेणारे 20 जण होते. निम्म्यांना नेहमीप्रमाणे माहिती आणि पत्ता दिला. उरलेल्यांना समोर बसवून समुपदेशकाने गटातल्या एका जुन्या सदस्याला फोन लावला आणि दोघांचं बोलणं करून दिलं. मी तुम्हाला घेऊन जातो, असं त्या सदस्याने सांगितलं. चिठ्ठीवाल्यांपैकी मिटिंगला एकही गेला नाही. फोनवाले झाडून सगळे गेले. 20 माणसांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरं. पण एका बाजूला भोपळा आणि दुसऱ्या बाजूला पैकीच्या पैकी, हा फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही.

गंमत म्हणजे या गटांचा जन्मही फोनवरच झाला. मे 1935. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन अमेरिकेतल्याच अॅक्रन शहरातल्या एका हॉटेलात होता. दारू सोडून काही महिनेच झालेले, हातातला व्यवहार फिसकटलेला, लॉबीच्या एका बाजूला बार. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला लागला. मागणी एकच : मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून भेट झाली सर्जन बॉब स्मिथ यांची. डॉक्टरसाहेब फक्त पाव तास देणार होते, गप्पा चालल्या काही तास. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जूनला. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, हाच आपला स्थापनादिन मानते.

दारुड्याला दुसऱ्या दारुड्याशी बोलून आधार मिळतो, ही तेव्हा बिलला कळलेली गोष्ट संशोधकांच्या आकड्यांत उतरायला काही दशकं गेली. 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली गेली. ठरीव पद्धतीने एएशी जोडून दिलेल्यांपैकी 42 टक्के लोक वर्षानंतर पूर्ण कोरडे होते; इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के. चमत्कार नाही, पण फुकटात मिळणाऱ्या गोष्टीसाठी वाईटही नाही.

पण गटात असं होतं तरी काय? मला सगळ्यात पटतं ते संगतीचं स्पष्टीकरण. पिण्याची ओढ एकटी येत नाही; ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेला मित्र दिसला की मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा आधीच जागी होते. मित्र बदलले की या खुणा कमी होतात. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात जवळच्या वर्तुळात न पिणारा एक, फक्त एक माणूस वाढला, तर पुढचं वर्ष कोरडं राहण्याची शक्यता 27 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आपल्याकडच्या आयांनी ‘संगत सोड’ म्हणून डोकं खाल्लं ते उगीच नाही. फक्त सोडलेल्या संगतीच्या जागी कोण, हे त्या सांगत नव्हत्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने गटात जायचं ठरवलं म्हणून आज रात्रीपासून दारू एकदम बंद करू नये. दारू मेंदूला आवरून धरते, आणि मेंदू तोल सांभाळायला उलट जोर लावून बसलेला असतो. दारू थांबली की तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भास, थरकाप आणि ताप. हे जिवावर बेततं. आधी डॉक्टर, मग मिटिंग. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या चालू ठेवूनही गटात जाता येतं.

आता प्रत्यक्ष जाण्याचं. ‘खुली’ मिटिंग असेल तर नातेवाईकही सोबत बसू शकतात. ‘बंद’ मिटिंग फक्त पिण्याशी झगडणाऱ्यांची. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, सदस्य व्हायची अट एकच : पिणं थांबवण्याची इच्छा. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, सहसा कुणी मध्ये तोंड घालत नाही आणि सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी ‘आज मी नुसतं ऐकतो’ म्हटलेलं चालतं. एएच्या मिटिंगमध्ये देवाचा उल्लेख येतो, आणि तो खटकणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी विचार आणि सवयींवर काम करणारं ‘स्मार्ट रिकव्हरी’ 1994 पासून आहे, आणि स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ 1975 पासून. एक गट रुचला नाही म्हणून विषय मिटवू नये. तीन-चार ठिकाणी बसून बघावं, माणसामाणसांत फरक असतो तसा गटागटांतही असतो.

मिटिंग संपली की लगेच दाराकडे धावू नये. खरी कामं तेव्हाच होतात. कुणीतरी नवख्याला खुर्च्या उचलायला लावतं, आणि खुर्च्या एकावर एक रचता रचता म्हणतं, ‘नंबर घ्या माझा. पिण्याआधी फोन करा, नंतर नको.’ मग घरी पोहोचायच्या आत पलीकडूनच फोन येतो : उद्या येताय ना?