मुलांचा पहिला प्रोग्रॅम : समानार्थी शब्दांचा खेळ
(पालकांसाठी माहितीपत्रक, सदाशिव पेठ, पुणे)

आमच्या सुटीतल्या वर्गात मुलं सगळ्यात आधी एक खेळ लिहितात. स्क्रीनवर शब्द येतो, त्याचा समानार्थी शब्द टाइप करायचा, बरोबर असेल तर एक गुण. चित्रं नाहीत, आवाज नाही, माऊसचंही काम नाही. ‘एवढंच?’ असं बरेच पालक विचारतात, म्हणून हे पत्रक.

चित्रं आम्ही मुद्दामच टाळतो. ती आली की मूल रंग निवडत बसतं आणि तास संपतो. नुसत्या अक्षरांच्या खेळात गडबड कुठे झाली ते लगेच उघडं पडतं.

प्रोग्रॅम लिहायची भाषा पायथन. ती १९९१ साली आली, फुकट आहे, आणि २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात प्रोग्रॅममधली नावं (खालच्या ओळीतल्या ‘शब्द’सारखी) देवनागरीत ठेवता येतात. ‘प्रिंट’, ‘इनपुट’, ‘इफ’ हे आज्ञांचे शब्द मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये ही ओळ अशीच असते आणि अशीच चालते :

शब्द = {"पाणी": ["जल", "नीर", "उदक"], "सूर्य": ["रवी", "भास्कर", "भानू"]}

महिरपी कंसात प्रश्न, चौकोनी कंसात चालणारी सगळी उत्तरं. एकच उत्तर ठेवलं, तर आजी ‘उदक’ लिहिणार, कॉम्प्युटर ‘चूक’ म्हणणार आणि घरात वाद होणार. वाद अर्थातच आजी जिंकणार.

प्रश्न विचारणारा लूप (तेच काम पुन्हापुन्हा करवणाऱ्या ओळी) मुलं पहिल्याच दिवशी लिहितात. खरा कस लागतो तो उत्तर तपासताना. कुणी ‘जल’ लिहून चुकून स्पेसबार दाबतं. दिसायला सगळं तेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी उत्तर चूक. त्यावर ‘स्ट्रिप’ हा उपाय आहे, तो पुढेमागची रिकामी जागा छाटतो. पण ‘रवि’ ऱ्हस्व लिहिलं तर? १९६२च्या शुद्धलेखन नियमांनुसार ‘रवी’ दीर्घ. गुण द्यायचा की नाही, हे मुलांनीच ठरवायचं. आम्ही मध्ये पडत नाही.

पुढच्या तासाला मुलांना सूचना द्यायची हुक्की येते : ‘उत्तरात इतकी अक्षरं आहेत’. ‘भास्कर’साठी कॉम्प्युटर ६ सांगतो. आपण मोजतो ३. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, भ, काना, स, हलन्त, क आणि र असे सहा वेगवेगळे घटक साठवलेले असतात. हेच घटक उलटे लावले की ‘नीर’चं ‘रनी’ न होता ‘रीन’ होतं, कारण वेलांटी जागची हलत नाही, तिच्या शेजारचं अक्षर बदलतं. मग काना-मात्रा मागच्या अक्षराला जोडून आणि जोडाक्षर एकच धरून मोजणारं छोटं फंक्शन (एकच काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) मुलं स्वतः लिहितात. इंग्रजी शब्द घेतले असते तर या भानगडीत पडावंच लागलं नसतं, आणि नेमकं याच भानगडीत मूल शिकतं.

घरी लागेल ते एवढंच : साधा लॅपटॉप, पायथन, आणि त्याच्याबरोबर येणारं, प्रोग्रॅम लिहायचं आणि चालवायचं ‘आयडल’. विंडोजच्या जुन्या काळ्या कमांड खिडकीत खेळ चालवू नका, तिथे देवनागरीऐवजी बहुधा चौकोन दिसतात. टायपिंगसाठी विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरतो. एकदा सगळं बसवलं की इंटरनेटची गरज नाही.

शब्दांची भर घरच्यांनी जरूर घालावी. दोन उत्तरांमधला स्वल्पविराम तेवढा विसरू नका. तो राहिला तर पायथन तक्रार करत नाही, गुपचूप ‘जल’ आणि ‘नीर’ जोडून ‘जलनीर’ करून टाकतो, आणि मग दोन्ही उत्तरं चूक ठरतात. तेव्हा ‘खेळ बिघडला’ असा फोन करण्याआधी स्वल्पविराम तपासा.