दशा सुटू न देणारी कात्री

सुती कापडाची एक पट्टी साध्या कात्रीने सरळ कापा आणि कडेचा धागा नखाने ओढा. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो अख्खा हातात येतो. मग दुसरा येतो, मग तिसरा. आता तीच कड झिगझॅग कात्रीने कापून पाहा. नखाला लागतात ते तांदळाच्या कणीएवढे तुकडे, आणि दात्यांच्या खाचेपाशी आल्यावर ही सुटासुट बरीच आटोक्यात येते. दातेरी कापाची प्रत्येक बाजू उरेप असते, म्हणजे धाग्यांना तिरकी, त्यामुळे दात्यात अडकलेला धागा जेमतेम दात्याएवढाच उरतो. लांब अखंड धागे खाचेच्या मागे राहतात आणि त्यांना पुढच्या दात्यांचा आधार मिळतो. दशा, म्हणजे कडेचे सुटणारे धागे, कायमच्या बंद होत नाहीत, हे मात्र आधीच सांगायला हवं. विरळ विणीचं कापड वारंवार धुतलं की कडेचे हे दातेही झिजतात.

या कात्रीच्या ‘पिंकिंग शिअर्स’ या इंग्रजी नावात ‘पिंक’ आहे म्हणून तिचा गुलाबी रंगाशी संबंध जोडला जातो. खरं तर इंग्रजीत ‘पिंक’ हे जुनं क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ भोक पाडणं, टोचणं. कार्नेशनच्या कुळातल्या, कातरलेल्या पाकळ्यांच्या फुलांनाही पिंक म्हणत. या फुलांचं नाव त्याच क्रियापदावरून आलं असावं, असा एक तर्क आहे. रंगाला ते नाव फुलावरून मिळालं, तेही सतराव्या शतकात. म्हणजे रंग सगळ्यात शेवटी आला.

सुरुवातीला या कापाचा टिकाऊपणाशी फारसा संबंध नव्हता, ती निव्वळ हौस होती. सोळाव्या शतकातल्या युरोपात श्रीमंतांच्या रेशमी आणि सॅटिनच्या अंगरख्यांवर मुद्दाम बारीक चिरा आणि भोकं पाडत, म्हणजे आतल्या अस्तराचा वेगळा रंग डोकावेल. अठराव्या शतकात बायकांच्या रेशमी झग्यांवर चुण्यांच्या लांबच लांब झालरी आल्या आणि त्यांच्या कडा कंगोऱ्यांनी सजू लागल्या. हे काम कात्रीचं नव्हतं. नक्षीदार धारेचा लोखंडी छाप कापडावर ठेवायचा, खाली शिशाचा किंवा लाकडाचा ठोकळा, आणि वरून हातोडीचा घाव. एका घावात दोनचार कंगोरे, की छाप पुढे सरकवायचा. एका झग्याच्या झालरीला किती घाव लागत असतील, याचा विचार केला की त्या अनाम हातांबद्दल फार आदर वाटतो. या झालरींची कड बहुतेक वेळा दुमडलेली नसे, कंगोरा हाच तिचा शेवट. शोभेचा काप दशाही आवरतो, हा अनुभव शिवणाऱ्यांना अशा कामातूनच येत गेला असणार.

छापाची कात्री व्हायला १८९३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात व्हॉटकम इथे राहणाऱ्या लुईझ ऑस्टिन या बाईंनी त्या वर्षी दातेरी पात्यांच्या कात्रीचं पेटंट घेतलं. कल्पना ऐकायला सोपी, पण घडवायला कठीण. कात्रीचं पातं खिळ्याभोवती फिरतं, त्यामुळे प्रत्येक दात्याची वाट वर्तुळाच्या तुकड्यासारखी असते. खिळ्याजवळच्या दात्याची वाट लहान, टोकाच्या दात्याची मोठी. वरचा प्रत्येक दाता खालच्या खाचेत तंतोतंत बसला नाही, तर कापड कापलं न जाता चुरगळतं. १९३०च्या दशकात सॅम्युअल ब्रिस्कमन यांनी याच कात्रीच्या रचनेवर पेटंट मिळवलं, आणि पुढच्या वर्षांत ती घरोघरच्या शिवणपेटीत दिसू लागली.

तिचा खरा बहर तेव्हाचाच. कारखान्यांकडे कड गुंफणारी यंत्रं १८८०च्या दशकापासून होती. अमेरिकेतल्या मेरो कंपनीने ती आणली. आपण ज्याला ‘इंटरलॉक’ म्हणतो तेच काम. पण घरी शिवणाऱ्या बाईकडे सरळ टीप मारणारं मशीनच असे. तिने शिवणीची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, दातेरी कापली की काम झालं. म्हणून १९४०–५०च्या दशकांतला एखादा घरी शिवलेला फ्रॉक उलटा केला, की आत दातेरी माया सापडण्याची शक्यता मोठी. पुढे झिगझॅग टीप मारणारी मशीनं आणि मग इंटरलॉक घरात आलं, आणि कात्री मागे पडली.

आपल्याकडे ती बहुतेकांना भेटली कापडाच्या दुकानात, सुटाच्या कापडाच्या नमुन्यांच्या पुस्तकात. ते छोटे चौकोन चारी बाजूंनी दातेरी असतात, कारण दिवसभर शंभर हात लागूनही कड टिकायला हवी. घरच्या गोधडीला मात्र तिची गरज पडली नाही. जुन्या लुगड्यांचे थर लावायचे, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालायचा. दशा आतच राहतात. आणि विदर्भातल्या करवतकाठी टसर साड्यांवर तर करवतीचे दाते विणतानाच काठात उतरतात, कापायचा प्रश्नच येत नाही.

पाश्चात्त्य क्विल्टिंगमध्ये, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून रजई शिवण्याच्या तिकडच्या कलेत, मात्र या कात्रीला पुन्हा मान मिळाला. नवं सुती कापड धुण्याआधी त्याची कापलेली टोकं दातेरी करून घेतली, तर मशीनमधून धाग्यांचा गुंता बाहेर येत नाही. गोलाकार शिवण उलटवण्याआधी माया दातेरी कापली, तर एकेक चीर द्यावी लागत नाही, आणि इस्त्री केल्यावर मायेची कड कापडावर रेघेसारखी उमटत नाही. कापून विकायला येणारे ५ इंची चौकोन आणि २.५ इंची पट्ट्याही बहुधा दातेरीच असतात. त्यात एक गोम आहे. माप दात्याच्या टोकापासून धरलंय की खाचेपासून, हे आधी मोजून घ्यावं. तिथे माया फक्त पाव इंच असते, आणि दहा तुकडे जोडेपर्यंत दात्याएवढी चूक बोटभर होते.

धारेबद्दल मला आलेला अनुभव सांगते. माझी जड, काळ्या मुठीची कात्री मी एकदा दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिली. त्याने साध्या कात्रीसारखी दात्यांच्या बाजूने चाकावर घासली. परत आल्यावर पातं मिटेना. दाते एकमेकांवर अडत होते, आणि कापड मधेच चावल्यासारखं अडकायचं. या कात्रीला धार लावायची ती पात्यांच्या सपाट अंगाने, दात्यांना हात न लावता. आता माझ्या नव्या कात्रीवर कागद कापायला घरातल्या कुणालाच परवानगी नाही.