८६६ की ८६३? नियतकालिकांच्या नोंदीतला नेहमीचा घोळ

करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. अशी जुनी वाचनालयं असलेल्या कोल्हापुरात बांधीव मासिकांच्या खंडांना तोटा नाही. संगणकीकरण सुरू झालं की पुस्तकं भराभर चढतात आणि काम अडतं ते मासिकांपाशी. पुस्तक एकदा नोंदवलं की सुटलो. मासिकाची नोंद मात्र दर अंकाला बदलते, आणि ती आपोआप बदलावी असं सगळ्यांना वाटतं.

‘आमच्याकडे कोणते अंक आहेत’ हे मार्क २१ मध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी संगणकात लिहिण्याच्या ठरलेल्या साच्यात, दोन तऱ्हांनी लिहिता येतं. या साच्यात माहितीच्या प्रत्येक रकान्याला एक आकडा असतो, त्याला टॅग म्हणतात. वाचकाला पडद्यावर दोन्ही जवळपास सारखंच दिसतं, म्हणून गफलत होते.

८६६ या टॅगमध्ये सरळ मजकूर असतो: ‘वर्ष ४१ (१९८७) ते वर्ष ५२ (१९९८), वर्ष ४५ चे अंक ३ व ७ नाहीत’. वाचणाऱ्याला लगेच कळतं. सॉफ्टवेअरला मात्र यातून पुढचा अंक कोणता, हे काढता येत नाही.

८६३ एकटा चालत नाही, त्याला ८५३ ची जोड लागते. ८५३ मध्ये मासिकाची रीत सांगायची: पहिली पातळी वर्ष, दुसरी अंक, वर्षाला बारा अंक, नवं वर्ष लागलं की अंक पुन्हा एकपासून. ८६३ मध्ये फक्त आकडे. वरचंच उदाहरण इथं पाच ओळींत फुटतं: वर्ष ४१ ते ४४, वर्ष ४५ चे अंक १-२, मग ४ ते ६, मग ८ ते १२, आणि शेवटी वर्ष ४६ ते ५२. टंकायला कंटाळवाणं आहे, पण आकडे सुटे असल्यामुळं यंत्राला हिशेब करता येतो. कोणता अंक यायचा, कोणता राहिला, स्मरणपत्र कुणाला पाठवायचं, हे सगळं रीत आणि आकडे वेगळे ठेवल्यावरच जमतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या त्रिपत्रक (तीन कार्डांच्या) पद्धतीत आलेल्या अंकांचं नोंद पत्रक आणि राहिलेल्यांचं तपासणी पत्रक वेगळं असायचं, ते याच गरजेपोटी.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथलं सिरियल्स मॉड्यूल (नियतकालिकांचा विभाग) पुढच्या अंकाचा अंदाज ८५३ वरून बांधत नाही. वर्गणीची नोंद करताना वारंवारिता आणि क्रमांकनाची रीत त्याच्याच फॉर्ममध्ये भरावी लागते. ८५३ कितीही नीट लिहा, ‘अपेक्षित’ अंकांची यादी त्यातून तयार होणार नाही.

आणि मग येते दिवाळी. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. कुणी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक काढतं, कुणी दिवाळी अंकाला वेगळा क्रमांक देतं, कुणी एक महिना गाळून पुढचा क्रमांक तसाच चालू ठेवतं. रीत बारा अंकांची लिहिलेली, म्हणून यंत्र न निघालेल्या अंकाची वाट बघतं आणि संपादकांना स्मरणपत्र लिहायला सांगतं! कोहात रीतीची चाचणी घेताना असा अंक ‘प्रकाशित नाही’ म्हणून आधीच खूण करून ठेवता येतो. दिवाळी अंकाची जाहिरात हाती आली की हे पाच मिनिटांचं काम उरकून टाकावं.

माझं मत स्पष्ट आहे: जुने बांधीव खंड ८६६ मध्येच राहू द्यावेत. बंद पडलेल्या मासिकाचा पुढचा अंक यायचाच नसतो, मग त्याची रीत कोरत बसून काय मिळणार? आकड्यांची शिस्त फक्त चालू वर्गणीच्या मासिकांना, तीही या वर्षापासून पुढं. दोन्ही टॅग एकाच नोंदीत सुखानं नांदतात. प्रशिक्षणात सगळं मागचं ८६३ मध्ये आणण्याचा आग्रह होतो, त्यात मनुष्यबळ वाया जातं.

एका बाबतीत मात्र ८६३ जास्त काटेकोर आहे. आकड्यांची साखळी तुटते तिथं कारणाचा संकेत देता येतो. अंक निघाला होता पण आपल्याकडे नाही, तर ‘जी’. मुळात निघालाच नाही किंवा क्रमांकनच तुटलं, तर ‘एन’. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता. त्या दिवसांतला एखादा अंक पोचला नसेल तर तो ‘जी’, आणि शोध घेऊन मिळवता येण्यासारखा. दिवाळीत गाळलेला महिना ‘एन’, त्याच्यामागं लागण्यात अर्थ नाही.