इरफान पठाणला चॅपलनी संपवलं? तारखा तसं सांगत नाहीत

'प्रशिक्षक ग्रेग चॅपलनी फलंदाजीला तिसऱ्या क्रमांकावर पाठवून इरफानची बोलिंग घालवली' हे भारताच्या या वेगवान गोलंदाजाबद्दलचं वाक्य गेली कित्येक वर्षं फिरतंय. तारखा लावून पाहा.

ऑक्टोबर २००५, नागपूर. श्रीलंकेविरुद्ध वनडेत तिसऱ्या क्रमांकावर येऊन त्याने ८३ धावा ठोकल्या. ही कल्पना सचिनची होती, असं इरफाननेच नंतर सांगितलं. शिवाय त्यानंतर तीनच महिन्यांनी, २९ जानेवारी २००६ ला, कराची कसोटीच्या पहिल्याच षटकात हॅटट्रिक : सलमान बट, युनूस खान, मोहम्मद युसूफ. बोलिंग गेलेल्या माणसाला हे जमत नाही.

घसरण झाली, पण नंतर. वेग कमी झाला, स्विंगही, म्हणजे चेंडूचं हवेत वळणं, आटला. मनगट चेंडूच्या मागे सरळ न राहता बाजूला पडलं की शिवण डगमगते आणि चेंडू सरळ जातो. त्यात वेगही नसेल तर फलंदाजाला आयतंच मिळतं. २००६ च्या अखेरीस त्याला दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून मध्येच परत पाठवलं. तेव्हा प्रशिक्षक चॅपलच होते, हे खरं. पण फलंदाजीचा क्रमांक हे त्याचं कारण नव्हे.

आणि 'संपला' तरी कुठे? चॅपल एप्रिल २००७ मध्ये गेले. त्यानंतर टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १६ धावांत ३ बळी, बंगळुरूला कसोटी शतक, पर्थला सामनावीर. पर्थच्या दुसऱ्या डावात तर नाइट वॉचमन म्हणून (दिवस संपता संपता मुख्य फलंदाजाला वाचवायला आधी पाठवलेला खेळाडू) तो पुन्हा तिसऱ्याच क्रमांकावर आला होता! २०१२ मधल्या शेवटच्या वनडेतही ५ बळी घेतले.