लोकप्रतिनिधी–मतदार संबंध (ग्रामीण विदर्भ)

निवडून गेलेला प्रतिनिधी मतदारांना कितपत बांधील असतो आणि त्याला कोण, कुठे जाब विचारू शकतो, यावर हे संबंध ठरतात. विदर्भातून विधानसभेवर ६२ आणि लोकसभेवर १० सदस्य जातात. त्यांना मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना नाही; उलट १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे पद जाऊ शकते. सभागृहातील मताबद्दल जाब विचारण्याची कायदेशीर सोय अशा रीतीने पक्षाकडे आहे, गावाकडे नाही.

व्यवहारात ही उणीव ओळखीपाळखीने भरून काढली जाते. रुग्णाच्या उपचारखर्चासाठी शिफारसपत्र, अडलेला पीकविमा, कृषिपंपाची जोडणी, शेतात जाणारा पांदण रस्ता यांसाठी लोक आमदाराचे घर गाठतात आणि लग्नाला, तेरवीला तो आला की नाही, यावरून त्याची पारख करतात. यांतली बरीचशी कामे तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या पातळीवरच मिटायला हवीत. ती आमदाराच्या दारी पोचतात, यात त्याच्या लोकप्रियतेपेक्षा प्रशासनाची ढिलाई अधिक दिसते. विदर्भ महाराष्ट्रात सामील करण्याविषयीच्या १९५३ च्या नागपूर करारातून आलेल्या विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनावर मात्र गाऱ्हाणी मोर्चाने, उघडपणे जातात.

ग्रामपंचायतीत चित्र वेगळे आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने संमत केला, तरी ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला मान्यता दिल्याखेरीज सरपंचाचे पद जात नाही. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे किमान उपस्थितीसाठी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून मोजक्या लोकांच्या उपस्थितीतही ठराव संमत होऊ शकतात.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने प्रतिनिधीवरचे अवलंबनच कमी केले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेनुसार तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांतील अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रांनाच लागू आहे. उरलेल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील ग्रामसभांना तो आधार मिळत नाही.